लांब पल्ल्याची पायी भटकंती: आपल्या अंगाला झेपेल असा मार्ग कसा निवडावा?

सलग काही दिवस पायी चालण्याच्या सुट्टीचा बेत आखताना बहुतेक जण आधी ठिकाण ठरवतात आणि मग त्या ठिकाणाजोगे होण्यासाठी धडपडू लागतात. सह्याद्रीत आणि हिमालयात लहान लहान गटांबरोबर चालताना मला हा क्रम उलटा असायला हवा, असे ठामपणे वाटू लागले आहे. आपले शरीर आज काय पेलते, हे आधी प्रामाणिकपणे पाहावे आणि त्याला साजेसा मार्ग मग शोधावा. लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

मी रोज सकाळी पाच किलोमीटर चालतो. रोज पंधरा किलोमीटर चालण्याची आठ दिवसांची सहल मला जमेल का?

रोजच्या पाच किलोमीटरचा पाया चांगला आहे, पण तेवढ्यावरून आठ दिवसांचा अंदाज बांधता येत नाही, कारण लांब पल्ल्याच्या चालण्याची खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी सकाळी होते. सवयीपेक्षा जास्त श्रम झाले, विशेषतः लांबलचक उतार उतरावा लागला, की स्नायूंचे दुखणे लगेच पूर्णपणे जाणवत नाही. ते साधारणपणे २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वाधिक असते. रविवारी एखादा गड करून सोमवारी कचेरीतल्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला हे दुखणे घेऊन चालावे लागत नाही, म्हणून त्याचा आपल्या ताकदीविषयीचा अंदाज नेहमी थोडा चढा असतो. सलग प्रवासात मात्र भरून आलेल्या त्याच पोटऱ्यांनी आणि त्याच मांड्यांनी सकाळी सातला पुन्हा वाटेला लागायचे असते.

यासाठी मी एक साधी चाचणी सांगतो. बेतातल्या सरासरी दिवसाइतके अंतर, तेवढ्याच वजनाची सॅक पाठीवर घेऊन, शनिवारी आणि रविवारी असे सलग दोन दिवस चालावे आणि सोमवारी सकाळी आपल्या इमारतीचे दोन मजले कठड्याला हात न लावता उतरून पाहावेत. उतरता आले आणि आजही चालायला निघावे असे मनापासून वाटले, तर आठ दिवसांचा विचार करायला हरकत नाही. पायरी उतरताना तिरके व्हावे लागले, तर रोजचे अंतर दहा किलोमीटरवर आणावे किंवा तयारीला आणखी दोन महिने द्यावेत.

मार्गाचे एकूण अंतर पाहून तो सोपा की अवघड, हे कळत नाही का?

कळत नाही, आणि सर्वाधिक फसवणूक याच आकड्याने होते. हरिश्चंद्रगडाचेच उदाहरण घ्यावे. पाचनईहून वर जाणारी वाट नवख्या माणसालाही झेपते. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे जाणारी वाट लांब आणि दमवणारी आहे. आणि नळीच्या वाटेने कोकणकड्याच्या बाजूने चढायचे म्हटले, तर कातळ, घसारा आणि दोराचा वापर या साऱ्यांची सवय असावी लागते. गड तोच, मुक्कामाची गुहाही तीच, पण तिन्ही वाटा तीन वेगळ्या माणसांच्या आहेत.

मार्ग माणसाकडून चार निरनिराळ्या गोष्टी मागतो: रोजची चढाई, सलग दिवसांची संख्या, पाठीवरचे ओझे आणि मुक्कामाच्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची. अंतराचा क्रम माझ्या लेखी या चौघांच्या नंतर लागतो.

चढाईचा हिशेब मांडायला स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो. त्यानुसार दर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर ६०० मीटर चढाईसाठी आणखी एक तास मिळवायचा. समजा, एखाद्या दिवशी १२ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढाई आहे. अंतराचे सुमारे अडीच तास आणि चढाईचे दीड तास मिळून चार तास होतात. हा हिशेब चांगल्या चालणाऱ्याचा, विश्रांती न धरता केलेला आहे. आपल्याकडचे ऊन, मुरमाड घसारा, सॅक आणि जेवणाचा थांबा लक्षात घेऊन मी त्यात निम्म्याची भर घालतो, म्हणजे तो दिवस सहा तासांचा होतो. सहल आयोजित करणाऱ्यांकडून रोजच्या चढाईचा आकडा मागून घ्यावा आणि असा हिशेब प्रत्येक दिवसासाठी कागदावर मांडावा. ज्यांना तो आकडा सांगता येत नाही, त्यांच्याबरोबर जाण्याआधी मी दोनदा विचार करीन.

स्वतःची तयारी घरच्या घरी कशी जोखावी?

पहिली कसोटी बोलण्याची. मध्यम चढावर चालताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल, तर तो वेग तुम्ही दिवसभर टिकवू शकता. दोन-दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग जास्त होतो आहे. कमी वेगातही तसेच होत असेल, तर तयारी कमी आहे.

दुसरी कसोटी चढाची. पुणेकरांना यासाठी सिंहगडाची पायवाट हाताशी आहे, आणि आठवड्यातून एकदा तो गड चढून-उतरून येणारे शेकडो लोक तिथे सापडतील. ज्यांच्या गावाजवळ डोंगर नाही, त्यांनी जिना वापरावा. एका मजल्याची उंची सुमारे तीन मीटर धरली, तर दहा मजली इमारत वीस वेळा चढल्यावर ६०० मीटर चढाई होते. पहिल्या आठवड्यात पाच वेळा चढणेही पुरे. पण उतरताना लिफ्ट वापरू नये, कारण उतरण्याचा सराव चढण्याइतकाच महत्त्वाचा आहे.

तिसरी कसोटी सलग दोन दिवसांची, जी वर सांगितली आहे. तिघींपैकी तिलाच मी सर्वाधिक महत्त्व देतो.

मी अगदी नवखा आहे. सुरुवात कुठून करावी?

जिथे चढ कमी आहे, रात्री छप्पर मिळते आणि कंटाळा आला किंवा पाय दुखले तर वाहन मिळते, अशा मार्गापासून करावी.

आपल्या मराठी माणसाच्या मनात या प्रश्नाबरोबर पहिली येते ती वारी. वारी ही उपासना आहे, तिच्याकडे सहल म्हणून पाहू नये, हे मी आधीच सांगतो. पण लाखो सर्वसामान्य माणसे आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे २५० किलोमीटर अंतर जवळपास तीन आठवड्यांत कसे चालून जातात, हे पाहण्यासारखे आहे, कारण लांब पल्ल्याचे सगळे शहाणपण त्या वेळापत्रकात मुरलेले आहे. टप्पे लहान-मोठे आहेत, मोठ्या टप्प्यानंतर सासवडला दोन रात्रींचा मुक्काम आहे, आणि जड सामान दिंडीच्या ट्रकमधून पुढे जाते. दिवे घाटात मी एका आजींच्या मागे बराच वेळ चाललो. डोक्यावर तुळशीवृंदावन, पायात साध्या चपला. त्यांचे पाऊल जेमतेम वीतभर पुढे पडत होते, पण घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत त्या पावलाची लांबी बदलली नाही आणि त्या एकदाही थांबल्या नाहीत. त्यांना ओलांडून पुढे धावलेली तरुण मुले दर वळणावर कठड्याला टेकलेली दिसत होती.

ज्यांना श्रद्धेने एकच दिवस चालायचे असते, ते बहुधा पुणे ते सासवड हा टप्पा निवडतात. पण तो ३० किलोमीटरहून लांब आहे आणि त्यातच दिवे घाट येतो. त्यापेक्षा सासवड ते जेजुरी हा सुमारे १६ किलोमीटरचा टप्पा नवख्या पायांना अधिक मानवतो. चैत्रात गुजरातेत तिलकवाडा आणि रामपुरा यांच्या दरम्यान होणारी उत्तरवाहिनी नर्मदा परिक्रमा साधारण वीस किलोमीटरची असल्याने एका दिवसात होते. पूर्ण नर्मदा परिक्रमा अडीच हजारांहून अधिक किलोमीटरची आहे. तिचा विचार करण्याआधी ही लहान परिक्रमा पायांना पुष्कळ काही सांगून जाते. चैत्रातले ऊन मात्र कडक असते, म्हणून पहाटे निघावे.

परदेशात राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या नवख्यांसाठी स्पेनमधला सान्तियागोचा यात्रामार्ग उत्तम आहे. फ्रान्सच्या सीमेजवळून सुरू होणारी त्याची प्रसिद्ध वाट सुमारे ७८० किलोमीटरची असली, तरी शेवटचे किमान १०० किलोमीटर पायी चालल्यास यात्रेचे प्रमाणपत्र मिळते, त्यामुळे अनेक जण सारिया या गावापासून सुरुवात करून पाच-सहा दिवसांत पोहोचतात. वाटेत ठरावीक अंतरावर धर्मशाळा आहेत आणि सामान पुढच्या मुक्कामावर पाठवण्याची सोयही आहे.

महिन्यातून एखादा गड सहज होतो. आता पुढची पायरी कोणती?

सह्याद्रीत राहूनच दोन दिवसांचा मार्ग करावा. राजगडावर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी धारेवरून तोरण्याला जाणे ही या पायरीसाठी माझी पहिली शिफारस आहे: दिवस लांब असतो, सावली कमी मिळते, पाणी जपून प्यावे लागते आणि शेवटचा उतार गुडघ्यांची परीक्षा घेतो. पन्हाळा ते विशाळगड हा पावनखिंडीचा मार्ग पन्नास-साठ किलोमीटरचा आहे. जुलै १६६० मधल्या त्या रात्रीचे स्मरण म्हणून अनेक गट तो आषाढात चालतात. तेव्हा चढापेक्षा चिखल आणि सततचा पाऊस दमवतो. ओल्या मोज्यांत पाय तासन् तास राहिले की कातडी मऊ पडते आणि फोड येतात, म्हणून मोज्यांचे दोन कोरडे जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावेत आणि दुपारी जेवताना न चुकता बदलावेत.

हे पचले की हिमालयातले सौम्य मार्ग घ्यावेत. उत्तराखंडातली हर की दून ही सुमारे साडेतीन हजार मीटरवरची दरी आहे आणि तिकडे जाणारी वाट नदीच्या काठाने हळूहळू चढते. पश्चिम बंगालमधले संदकफू ३,६३६ मीटरवर आहे. मानेभंज्यांगपासून ते सुमारे ३१ किलोमीटरवर असून ते अंतर तीन दिवसांत विभागता येते, वाटेत राहण्याची घरे आहेत आणि हवा स्वच्छ असेल तर कांचनगंगा आणि एव्हरेस्ट दोन्ही दिसतात.

मी मॅरेथॉन धावतो. मग उंचीचा त्रास मला होणार नाही ना?

होऊ शकतो. या एका गैरसमजापायी धडधाकट माणसे संकटात सापडतात, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू कमी होतो आणि शरीराला त्याच्याशी जुळवून घ्यायला दिवस लागतात. या जुळवून घेण्याचा आणि धावण्याच्या क्षमतेचा फारसा संबंध नाही. उलट, दमदार माणूस वेगाने वर पोहोचतो आणि शरीराला मिळायला हवा तो वेळच देत नाही. एकदा माझ्याबरोबर साठी ओलांडलेल्या एक काकू आणि त्यांचा धावपटू भाचा होते. साडेतीन हजार मीटरवरच्या मुक्कामी भाचा सर्वांच्या दोन तास आधी पोहोचला आणि संध्याकाळी डोके धरून, ताटातला भात न उष्टावता बसून राहिला. काकू सगळ्यांत शेवटी आल्या आणि दोनदा वाढून घेऊन जेवल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही भाच्याला त्याच मुक्कामावर थांबवले. डोकेदुखी पूर्ण गेल्यावरच त्याला पुढे जाऊ दिले.

डॉक्टर आणि गिर्यारोहक सर्वसाधारणपणे असा नियम सांगतात की, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची दर दिवशी ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावे. मार्गाचे वेळापत्रक या नियमावर घासून पाहावे. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या मार्गावर लुक्ला २,८६० मीटरवर, नामचे बाजार ३,४४० मीटरवर आणि बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे. म्हणूनच चांगले आयोजक नामचेला जादा दिवस ठेवतात आणि जाऊन-येऊन बारा ते चौदा दिवस घेतात. हाच प्रवास नऊ दिवसांत स्वस्तात करून देण्याची जाहिरात दिसली, तर जे दिवस कापले आहेत ते तुमच्या सुरक्षिततेचे आहेत, हे ओळखावे. विमानाने थेट ३,५०० मीटरवरच्या लेहला उतरणाऱ्यांनी पहिले दोन दिवस कोणताही चढ चढू नये.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, चक्कर आणि झोप न येणे ही सुरुवातीची लक्षणे आहेत. ती असताना वर चढायचे नाही. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, तोल जाणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे ही जिवावरची लक्षणे आहेत. अशा वेळी रात्र असो वा पाऊस, माणसाला ताबडतोब खाली न्यावे. असेटाझोलामाइड हे औषध घ्यायचे असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ती त्यांना आधी सांगावी.

वय साठच्या पुढे आहे आणि उतरताना गुडघे दुखतात. आता हा विषय सोडून द्यावा का?

मुळीच सोडू नये, पण मार्ग उताराकडे पाहून निवडावा. चढताना दम लागतो, थांबले की तो ओसरतो. उतरताना मात्र मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन रोखून धरतो, आणि तो थकला की सगळा भार गुडघ्यावर येतो. म्हणून एका दिवसात हजार मीटर उतरायला लावणारे मार्ग टाळावेत. दोन काठ्या वापराव्यात, उतारावर त्यांची लांबी थोडी वाढवावी आणि पावले लहान ठेवावीत. बुटाची नाडी उतार सुरू होण्यापूर्वी घोट्याजवळ पुन्हा घट्ट बांधावी, नाहीतर पाय पुढे सरकून अंगठ्याचे नख दिवसभर बुटाच्या टोकावर आदळते आणि संध्याकाळपर्यंत काळेनिळे होते.

हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह किंवा दमा असल्यास डॉक्टरांकडे जाताना मार्गाचा कागद बरोबर न्यावा. 'ट्रेकला जाऊ का?' या प्रश्नाला नेमके उत्तर देता येत नाही. 'रोज सहा तास चालणे, ७०० मीटर चढ, ३,५०० मीटरवर झोपणे' असे सांगितले की डॉक्टरांनाही नेमका सल्ला देता येतो. काही मार्गांवर हा निर्णय तुमच्या हातात नसतो: परराष्ट्र मंत्रालयाच्या कैलास-मानसरोवर यात्रेसाठी वय १८ ते ७० आणि बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती, हे दाखवणारा आकडा) २५ किंवा त्याहून कमी असावा लागतो, आणि वैद्यकीय तपासणीत न बसणाऱ्याला परत पाठवले जाते. ही अट अनेकांना जाचक वाटते. कैलासाच्या परिक्रमेतली, ५,६०० मीटरच्या आसपासची डोल्मा खिंड पायी ओलांडायची आहे, हे लक्षात घेतले तर ती मला योग्यच वाटते.

सॅकचे वजन किती असावे?

रोज छपराखाली मुक्काम असेल तर शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके, आणि तंबू-शिधा बरोबर असेल तरी पाचव्या हिश्शाच्या पुढे नको. हिमालयात खेचर किंवा हमाल मिळत असेल तर संकोच न करता सामान द्यावे. त्यामुळे चालणे कमअस्सल ठरत नाही.

मधेच चालणे अशक्य झाले तर काय करावे?

हा प्रश्न निघण्यापूर्वी विचारायचा आहे, आणि पहिल्या दोन-तीन प्रवासांपुरता मी तर याच्याच उत्तरावरून मार्ग निवडावा असे म्हणेन. पालखी मार्गावर कुठूनही एसटी मिळते. सान्तियागोच्या वाटेवर गावे जवळजवळ आहेत. संदकफूपर्यंत जीप जाते. चालणाऱ्याला तिच्या धुळीचा त्रास होतो खरा, पण पाय मुरगळलेल्या माणसाला तीच जीप खाली आणते. याउलट हिमाचलातल्या ४,२७० मीटरच्या हमटा खिंडीसारख्या मार्गावर एकदा खिंड ओलांडली की मागे फिरणेही पुढे जाण्याइतकेच कठीण होते. म्हणून सुरुवातीला गेल्या वाटेने परत येणारे मार्ग घ्यावेत, खिंड ओलांडणारे नंतर.

युरोपातली मॉन्ट ब्लाँक पर्वताची प्रदक्षिणा कितपत अवघड आहे?

फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाणाऱ्या या सुमारे १७० किलोमीटरच्या वाटेत एकूण चढाई १०,००० मीटरच्या घरात जाते. दहा-अकरा दिवसांत ती केली, तर रोज जवळजवळ हजार मीटर चढ आणि तेवढाच उतार येतो. कळसूबाईची उंची समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर आहे. तिच्या पायथ्यापासूनची चढाई रोज, दहा दिवस ओळीने करण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनीच हा मार्ग घ्यावा. वाट कुठेही फार उंच जात नसल्याने विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही.

आमच्या गटात काही जण सराईत आहेत, काही अगदी नवखे. मार्ग कोणाकडे पाहून ठरवावा?

सर्वांत कमी तयारी असलेल्या माणसाकडे पाहून. ते सराईतांना मान्य नसेल, तर एकाच गावात चार दिवस मुक्काम करून तिथून रोज वेगवेगळ्या लांबीच्या वाटा कराव्यात आणि संध्याकाळी एकत्र जेवावे. नवरा-बायकोपैकी एकालाच चालण्याची ओढ असेल, तेव्हाही मी हेच सुचवतो.

तयारीला किती आठवडे लागतात?

बैठे काम करणाऱ्या, पण निरोगी माणसाला मध्यम मार्गासाठी दहा ते बारा आठवडे धरावेत. पहिले चार आठवडे सपाटीवर अंतर वाढवण्याचे, पुढचे चार चढ-उताराचे, आणि त्यानंतरचे सॅक घेऊन सलग दोन दिवस चालण्याचे. निघण्यापूर्वीच्या शेवटच्या आठवड्यात फक्त हलके चालावे. नवे बूट विकत घ्यायचे असतील तर ते तयारीच्या पहिल्या महिन्यातच घ्यावेत. ऑक्टोबरमध्ये हिमालयात जायचे असेल, तर पावसाळ्यात गडांच्या निसरड्या कातळावर सराव करण्याचा धोका पत्करण्यापेक्षा जिना आणि घाटरस्ता वापरावा.

निघण्याच्या आठवड्यात ताप आला तर जावे का?

उंचीवरचा मार्ग असेल तर जाऊ नये. छातीत कफ असताना विरळ हवेत जाणे घातक ठरू शकते. सह्याद्रीतला किंवा सपाटीवरचा मार्ग असेल, तर ताप उतरून औषधाविना पूर्ण दोन दिवस जाऊ द्यावेत आणि मग तासभर चढावर चालून पाहावे. नोंदणी करतानाच तारीख बदलून मिळते का आणि त्यासाठी किती पैसे कापले जातात, हे लेखी घेऊन ठेवावे, म्हणजे आजारपणात निर्णय घेताना भरलेल्या पैशांचे दडपण राहत नाही.